बियाला परवाना, रोपाला नाही

लाखनीत महामार्गाला लागून, टायर पंक्चरच्या दुकानाशेजारी माझी दहा बाय बाराची खोली आहे. बाहेर पाटी आहे : 'सर्व प्रकारचे परवाने काढून मिळतील.' पाटी रंगवली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि त्या वयात माणूस 'सर्व' हा शब्द फार सहज वापरतो. आता पन्नाशी उलटली. बायको अधूनमधून सुचवते की पाटी पुन्हा रंगवायला द्याल तेव्हा तेवढा शब्द गाळा. मी ऐकत नाही. पाटीवरची ती एकच गोष्ट वाचून गिऱ्हाईक आत येतं.

बाहेरच्यांना माझा धंदा चटकन कळत नाही. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं होतं, "पोरगा करते काय?" मध्यस्थानं सांगितलं, "सरकारी काम करते." ते काही खोटं नव्हतं. काम सरकारचंच करतो, फक्त सरकार पगार देत नाही. परवाना मी देत नाही आणि मिळवूनही देत नाही. कुठला कागद कुठल्या खात्यात, कुठल्या कागदाच्या आधी न्यायचा, एवढंच मला माहीत असतं. राइस मिल, धाबा, कोंबड्यांची शेड, फटाक्याचं दुकान, सगळ्यांचे अर्ज या टेबलावर भरले गेले. अर्ज भरणं सोपं आहे. अवघड असतं ते समोरच्याला सांगणं की बाबा, तुला जे करायचं आहे त्याचा अर्जच छापलेला नाही.

गेल्या काही वर्षांत असे लोक वाढले, ते भांगेमुळे. मोबाइलवर कुठलेसे व्हिडिओ फिरतात. परदेशातल्या हिरव्यागार शेतात गोरा माणूस उभा असतो आणि मागून मराठीत कोणीतरी बोलत असतो की हीच उद्याची शेती. एकदा नाकाडोंगरीहून एक जण दोन बस बदलून आला, खुर्चीत बसला आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "भाऊ, मले गांजाची कंपनी टाकायची हाये. पूर्न कायदेशीर."

शेजारचा पंक्चरवाला हातातली ट्यूब सोडून दारात येऊन उभा राहिला.

"हळू बोला ना जी," मी म्हणालो.

"हळू काहून? कायदेशीर हाये म्हनलं ना!"

त्याला जे समजावलं तेच इथं सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. झाड एकच, पण कायद्याच्या डोळ्याला त्याचे तुकडे वेगवेगळे दिसतात. फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा. त्यावर केंद्राचा अमली पदार्थांचा कायदा आहे आणि त्यातल्या शिक्षा वर्षांत मोजतात. शेंड्याशिवायचं नुसतं पान म्हणजे भांग. ती त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाही, पण आपल्या राज्याच्या दारूबंदी कायद्यात बसते. तिला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, आणि तशी परवानगी घेऊन कोणी दुकान उघडल्याचं मी तरी आमच्या जिल्ह्यात पाहिलं नाही. नुसतं बी हे अन्न आहे. केंद्राच्या अन्न प्राधिकरणानं त्या बियाला, त्याच्या तेलाला आणि पिठाला खाण्याचा पदार्थ म्हणून मान्यता दिली आहे, नशेच्या अंशाची मर्यादा घालून. आणि जमिनीत उभं असलेलं आख्खं झाड? ते लावायला राज्य सरकारची परवानगी हवी. उत्तराखंडानं धाग्यासाठी आणि बियासाठी तशी दिली आहे. महाराष्ट्रानं दिलेली नाही. त्यामुळे इथं एक झाड लावलं तरी ती लागवड, आणि लागवड म्हणजे गुन्हा.

नाकाडोंगरीवाल्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे बी खाऊ शकतो, विकू शकतो, पन पेरू नाई शकत?"

"बरोबर."

"हा कोनता कायदा झाला, भाऊ? आमच्याकडं बी पेराले असते."

मी हसलो होतो. तेव्हा हे वाक्य कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलं असतं, तर पुढचा घोळ टळला असता.

प्रणाली माझी भाची, बहिणीची थोरली. आसगावला दिली आहे. जावई नागपूरला नोकरीत, शनिवारी येतात. घरात ती आणि तिचे सासरे शालिकराम, त्यांना ती मामाजी म्हणते. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. भाचीचा सासरा म्हणून मीही त्यांना इवाईच म्हणतो. प्रणालीनं घरच्या पडवीत चटण्यांचा उद्योग सुरू केला होता. जवस, तीळ, कारळ. गावातल्या चार बाया हाताशी, नागपूरच्या दुकानांत माल. अन्न खात्याची नोंदणी मीच करून दिली होती.

एके दिवशी तिचा फोन आला. "मामा, हेम्पच्या बियाची चटनी करायची हाये. पहाडात भांगेच्या बियाची चटनी घरोघरी करतात म्हने. चव जवसासारखीच. नागपूरचा दुकानदार मागून राहिला."

मला आनंद झाला, हे कबूल करतो. इतकी वर्षं 'होत नाही' असं सांगून तोंड दुखलं होतं, आणि इथं एकदाचं होण्यासारखं काहीतरी समोर आलं होतं. मी झपाटल्यासारखा लागलो. पुरवठादार उत्तराखंडचा, परवानाधारक. त्याच्या परवान्याची प्रत मागवली. प्रयोगशाळेचा अहवाल मागवला, नशेचा अंश मर्यादेत. तिच्या नोंदणीत नवा पदार्थ चढवला. नागपूरच्या एका पोरानं डबीचं लेबल करून पाठवलं, त्यावर मधोमध पाच बोटांचं हिरवंगार पान. मी ते पाहिल्याबरोबर फोन केला. बियाशिवाय झाडाच्या दुसऱ्या कुठल्याही भागाचं चित्र लेबलावर चालत नाही, नशा सुचवणारा शब्द चालत नाही. ते पान मी लाल पेनानं असं खोडलं की कागद फाटला. लेबल घेऊन स्वतः आसगावला गेलो आणि प्रणालीला दाखवून सांगितलं, हे पान नीट पाहून ठेव, हे कुठंही दिसता कामा नये.

दोन पोती आली तेव्हाही मी तिथंच होतो. शालिकराम पोत्याजवळ आले, मूठभर बी तळहातावर घेतलं आणि उन्हाकडे हात करून बघत राहिले.

या माणसाबद्दल सांगायला हवं. आसगावच्या आसपास कोणाला बियाची शंका आली की तो शालिकरामांच्या तळहातावर आणून ठेवतो. ते दाणा चोळतात, हुंगतात, दाताखाली धरतात आणि जात सांगतात. धानाच्या दोन सारख्या दिसणाऱ्या जाती त्यांनी नुसत्या बोटांनी वेगळ्या केलेल्या मी पाहिल्या आहेत. कृषी खात्याच्या माणसाची चूकही त्यांनी एकदा चारचौघांत काढली होती आणि ती गोष्ट ते अजून सांगतात.

"काय ओळखलं, इवाई?" मी विचारलं.

"हो ना. समजलं," ते म्हणाले आणि बी पोत्यात टाकलं. सगळं नाही टाकलं, हे मला नंतर कळलं. मग विचारलं, "सारं कायदेशीर हाये ना पन?"

"एकदम कायदेशीर. बिनधास्त राहा," मी म्हणालो. चहा पिऊन गाडीला किक मारली.

त्यानंतर दीडेक महिन्यांनी, श्रावणात, सकाळी दहाला प्रणालीचा फोन. आवाज इतका दबलेला की मला वाटलं घरात कोणी आजारी आहे.

"मामा, मामाजी धुऱ्यावरून भाजी घेऊन आले."

"मग?"

"अंबाडी म्हनून. मुठीएवढी जुडी. म्हनतात, सुनबाई, पानं मोठी सुरेख हायेत, पन चाखून पायलं, आंबट नाई लागून राहिली." ती थांबली. "मामा, थे तुमी खोडलेलं पान हाये."

मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो. उठून करायचं काय तेच सुचेना.

झालं होतं ते असं. शालिकरामांना ते बी ओळखू आलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तळहातावरचा दाणा त्यांच्याशी बोलला नव्हता. सुनेला विचारणं जमेना, माझ्यासमोर तर नाहीच नाही. अशा वेळी त्यांच्या वडिलांची एक रीत होती : बी ओळखू आलं नाही तर धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या बांधावर, चार दाणे टाकायचे. उगवलं की ते आपणच नाव सांगतं. तूर आणि अंबाडी आमच्याकडे धुऱ्यावरच लावतात. त्यांनी तिथंच ओळीत टाकलं, वर बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, लावून राखलं. पानं फुटली ती हाताच्या पंजासारखी, अंबाडीचीही तशीच असतात. माणूस निवांत झाला. ओळखलं : अंबाडी. सुनेनं अंबाडीची कुठली तरी पहाडी जात आणली.

बी शाबूत होतं, भाजलेलं नव्हतं, सोललेलं नव्हतं. ज्या पोत्याचे सात कागद मी तपासले होते त्यातलं बी उगवेल का, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

मी आसगावला पोचलो तेव्हा ती जुडी स्वयंपाकघरात ओट्यावर होती आणि बारा रोपं धुऱ्यावर होती. एकाच झाडाची पानं घरात राज्याच्या कायद्याखाली आणि रोपं शेतात केंद्राच्या कायद्याखाली, असा विचार त्या अवस्थेतही माझ्या डोक्यात आला. सवय वाईट असते.

"उपटून टाकू," मी म्हणालो. "आत्ताच. चुलीत घालू आणि विषय संपवू."

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. "मामाजींनी पानठेल्यावर सांगून ठेवलं हाये का सुनेची नवी अंबाडी पाहाले या म्हनून. तिघं पाहून गेले. त्याईच्यातला एक जन आज हसत हसत गेला म्हने."

शालिकराम पडवीत भिंतीला टेकून बसले होते. त्यांना सांगून झालं होतं.

भंडाऱ्याच्या एका वकिलांना फोन लावला. त्यांनी आधी 'दहा वर्षांपर्यंत' हे दोन शब्द इतक्या शांतपणे उच्चारले की मी ते पुन्हा म्हणायला लावले. मग म्हणाले, त्याच कायद्यात एक कलम आहे, जमीनधारकाला आपल्या जमिनीत असं रोप दिसलं तर त्यानं ताबडतोब पोलिसांना कळवायचं. जाणूनबुजून न कळवणं हाही गुन्हा. उपटून जाळलंत तर उद्या कोणी तक्रार केली की लपवलं असं होईल. कळवलंत तर काय होईल ते ठाणेदारावर आहे. माहीत नव्हतं, हे तुम्हालाच दाखवावं लागेल. न्यायालय आधी धरून चालतं की माहीत होतं.

फोन ठेवला. आता जे सांगतो ते लिहायला लाज वाटते, पण ते गाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी प्रणालीला म्हणालो, "कळवायचं तं कळव. पन माझं नाव येऊ देऊ नको. माझ्याकडं आठवड्याला चाळीस लोक येतात."

ती म्हणाली, "ठीक हाये मामा. तुमी जा लाखनीले."

तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली, सातबारा काढला, माझ्याच हातची फाइल काढली, पुरवठादाराचा परवाना, अहवाल, नोंदणी, सगळं पिशवीत घातलं. चारही बायांना सांगितलं, आज काम बंद. पोत्यांच्या खोलीला कुलूप घातलं. सासऱ्यांना म्हणाली, "चला मामाजी, धोतर बदला." मी तेवढा वेळ गाडीची चावी हातात घेऊन अंगणात उभा होतो. ती दोघं बाहेर आली तेव्हा म्हणालो, "बसा मागं. तिघं जाऊ."

"तुमाले लाखनीले जायचं होतं ना?"

"बस ना माय," मी म्हणालो.

ठाणेदार पुण्याकडचे, तरुण, नीटनेटके. प्रणालीनं लेखी अर्ज पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला. स्वतःहून असा अर्ज घेऊन आलेलं त्यांच्याकडे पहिलंच कुटुंब असावं. मग दोन पंच, एक हवालदार, आम्ही, अशी वरात धुऱ्यावर गेली. रोपं मोजली, फोटो काढले, उपटली, नमुना बांधून लाखेनं मोहोर केली. पंचनाम्यात उंची लिहिली, सर्वात मोठं रोप कमरेएवढं. शालिकराम बाजूला उभे राहून एवढंच म्हणाले, "मुळी नाई तुटली पायजे, दादा, हलक्या हातानं." हवालदारानं खरोखरच हलक्या हातानं उपटलं.

ठाण्यात परत आल्यावर खरी अडचण सुरू झाली. जबाब.

"काका," ठाणेदार म्हणाले, "तुम्ही हे रोप कशाचं म्हणून लावलंत?"

"बियाचं लावलं."

"कशाचं बी?"

"सुनेच्या पोत्यातलं."

"ते कशाचं आहे हे तुम्हाला माहीत होतं का?"

गाडीवरून येताना आम्ही त्यांना तीनदा सांगितलं होतं : खरं तेच सांगा, ओळखलं नाही म्हणून सांगा. तेच त्यांना वाचवणार होतं, आणि गंमत म्हणजे तेच खरंही होतं.

शालिकराम ताठ बसले. म्हणाले, "मले सारं माहीत असते. पन्नास वर्सं शेती केली."

ठाणेदारांचं पेन थांबलं. "काका, नीट ऐका. माहीत होतं असं म्हणालात तर मी तसं लिहीन. मग पुढचं माझ्या हातात नाही."

"म्हंजे अंबाडी ओळखता येत नाई असं लिवून देऊ? गावात कोन ठेवन मले?" त्यांचा आवाज चढला होता. "कोनी बी आनते तं माह्या हातावर आनते. इचारा ना याईले."

"इवाई—" मी सुरुवात केली.

"तुमी नोका बोलू. तुमी म्हनलं होतं ना बिनधास्त राहा."

ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही असं म्हणाला होता? तुम्ही कोण?"

इथं मला दोन रस्ते होते आणि एक मी सकाळीच बोलून दाखवला होता. प्रणाली पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हणालो, "मी परवाने सल्लागार. यांचे कागद मीच केले. बी कायदेशीर आहे, असं मीच सांगितलं."

"पेरू नका, असं सांगितलं होतं?"

"नाही."

"ते उगवेल का, हे पुरवठादाराला विचारलं होतं?"

"नाही."

"का?"

सत्तावीस वर्षं मी लोकांना प्रत्येक 'का'चं उत्तर दिलं आहे. "सुचलं नाही, साहेब," मी म्हणालो. "तेवढं मला कळलं नाही."

ठाणेदारांनी ते लिहून घेतलं, माझं नाव, वय, लाखनीचा पत्ता. मी सही केली. शालिकरामांनी तेवढ्या वेळात तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

मग प्रणाली हळूच म्हणाली, "मामाजी, तुमी ओळखलं नाई म्हनून काय झालं? आपल्या गावात हे उगोलंच नाई कधी. तुमी पायलंच नाई तं ओळखान कसं? मले धंदा पाहिजेन, पन तुमी घरी पाहिजेन आधी."

शालिकरामांनी डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, तिची घडी नीट केली.

"लिवा साहेब," ते म्हणाले. "नाई ओळखलं. अंबाडी समजलो."

ठाणेदारांनी लिहिलं, वाचून दाखवलं. शालिकरामांनी एकेका अक्षरावर थांबत सही केली, आणि सहीखाली रेघ मारली.

अहवाल वर गेला. काही आठवडे असे गेले की प्रणालीच्या फोनची रिंग वाजली तरी मी खोलीबाहेर जाऊनच तो उचलायचो. शेवटी ठाण्यातून कळलं की स्वतः माहिती दिली, हेतू दिसत नाही, म्हणून गुन्हा नोंदवलेला नाही. पोत्यांची चौकशी झाली, कागद पुरे होते, पोती सुटली. प्रणाली आता सोललेलं बी मागवते, जे काही केलं तरी उगवणार नाही. चटणी नागपुरात खपते. मी माझ्या अर्जांच्या गठ्ठ्यात हातानं लिहिलेला एक कागद वाढवला आहे, आणि कोणी बियाचं नाव काढलं की पहिला प्रश्न तोच विचारतो : हे उगवतं का? पंक्चरवाल्याला तो पाठ झाला आहे.

त्या दिवशी ठाण्यातून बाहेर आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. प्रणाली पाणी आणायला समोरच्या दुकानात गेली. शालिकराम गाडीला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "इवाई, तुमचंही लिवून घेतलं का त्यानं? माहीत नव्हतं म्हनून?"

"घेतलं ना."

"सही घेतली?"

"घेतली."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी सारखी केली.

"बरं झालं बाप्पा," ते म्हणाले. "मले वाटलं, मीच एकटा."